वंचक कोण?

एकाच कुळातले दोन पक्षी. दोघेही पाण्याकाठी तास तास हलत नाहीत, दोघेही मासा, बेडूक, खेकडा खातात. त्यातल्या एकाला आपल्या मराठीनं ‘वंचक’ म्हटलं, म्हणजे फसवणारा, ठक. दुसऱ्याला ‘तापस’ म्हटलं, म्हणजे तप करणारा. वंचक म्हणजे आपली नेहमीची ढोकरी, नाल्याच्या कडेला मान आखडून बसणारी, मातकट रंगाची. तापस तिचा चुलतभाऊ, लव्हाळ्यात राहणारा, सहसा दृष्टीस न पडणारा. करणी दोघांची एकच. पण जी रोज डोळ्यांसमोर बसते ती ठक आणि जो दिसत नाही तो साधू! माणसांचा निवाडासुद्धा आपण पुष्कळदा असाच करतो, पण ते राहू दे. मला आज बगळ्यांची बाजू मांडायची आहे, आणि ती आपल्याच समाजापुढं, आपल्याच बायकांपुढं मांडायची आहे. कारण बगळ्याला ढोंगी म्हणणारे आपण, तोंडानं जीवदया म्हणत म्हणत त्याचं झाड, त्याचं पाणी आणि त्याचं शिवार काढून घेत आहोत.

आधी त्याला नीट बघूया तरी. त्यासाठी लांब जायला नको. बेळगावात बळ्ळारी नाल्याच्या अंगानं, येळ्ळूर, अनगोळ, वडगावच्या शिवारात, श्रावणात भाताच्या खाचरांत पाणी उभं असताना बांधावर जाऊन थांबावं. म्हशीच्या पायांमागून चालत, तिनं उठवलेले किडे टिपणारा तो गायबगळा. विणीच्या दिवसांत त्याच्या डोक्यामानेवर केशरी रंग चढतो. काळे पाय आणि खाली पिवळे पंजे, जणू मोजे घातलेत, तो लहान बगळा. ढोकरी तर बसलेली असते तेव्हा चिखलाचं ढेकूळच वाटते. पण उडाली की दोन्ही पंख पांढरेशुभ्र उघडतात आणि आपण म्हणतो, अगंबाई, ही कुठून आली! राखी बगळा उंच, एकटा. जांभळा बगळा गवतात मान घालून असतो, त्यामुळं मान दिसते तेव्हा आधी सापच वाटतो. आणि दिवे लागायच्या वेळी ‘क्वाक्’ असं एकच घोगरं ओरडून डोक्यावरून जाणारा रातबगळा. त्यानं काही रात्रीभोजनाचा त्याग केलेला नाही.

उडताना मान बघावी. बगळा मान दुमडून घेतो, छातीशी ओढून उडतो. करकोचा आणि क्रौंच मान सरळ पुढं ताणून उडतात. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी आकाशातला पक्षी कुणाच्या घरचा ते लांबून सांगता येतं.

तापसाचं बघणं मात्र कष्टाचं आहे. लाल तापस पावसाळ्यात भाताच्या शिवारात आणि लव्हाळ्यात घरटं करतो, पिवळा तापस पाणगवतात. चाहूल लागली की हा पक्षी पळत नाही. चोच आभाळाकडं करतो, अंग बारीक करतो आणि उभा राहतो. गळ्यावरच्या उभ्या रेघा गवताच्या पात्यांत मिसळून जातात. दोन हातांवर असला तरी आपल्याला दिसत नाही. कुंभोजच्या बाहुबलींच्या अंगावर चढलेल्या वेली ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा नुसता उभा राहण्याचा प्रकार परका वाटायला नको.

आता कुणी म्हणेल, ‘अक्का, पण ते मासं खातंय की! ते ध्यान कसलं, टपून बसलंय ते.’ बरोबर. टपूनच बसलंय. पण टपून बसलोय हे त्यानं कुणापासून लपवलंय? बगळ्यानं कधी माळ घेतली नाही, कपाळाला गंध लावलं नाही, मी उपास धरलाय असं कुणाला सांगितलं नाही. ढोंग करायला आधी दावा करावा लागतो. बगळ्याचा काहीच दावा नाही. दावा आपण त्याच्या तोंडात घातला आणि मग तो मोडला म्हणून त्याला दोष दिला. एक तास त्याच्यासमोर थांबून बघा. पुष्कळदा चोच रिकामी वर येते. रिकामी आली की तो पुन्हा तसाच उभा राहतो. पोटासाठी उभं राहणं याला वंचना म्हणत असतील, तर बाजारात पहाटेपासून भाजीच्या बुट्टीमागं बसणाऱ्या बाईलाही तेच म्हणावं लागेल.

ही बदनामी जुनी आहे आणि तिच्यात आपलाही हात आहे. तपस्व्याचं सोंग घेऊन तळ्यातले मासे एकेक करून फस्त करणारा आणि शेवटी खेकड्याच्या नांगीत सापडणारा बगळा पंचतंत्रातला. त्या पंचतंत्राचा एक प्रसिद्ध पाठ इ. स. ११९९ मध्ये पूर्णभद्र नावाच्या जैन मुनींनी तयार केला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १२०४ साली, आपल्या बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात कमल बस्ती उभी राहिली. गोष्ट सांगणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. गोष्टीतला बगळा म्हणजे लबाड मंत्री, लबाड सावकार, हे ऐकणाऱ्याला कळत होतं. आपल्याला ते कळेनासं झालं. आपण माणसाचा दोष पक्ष्याच्या अंगावर टाकला आणि माणसाला मोकळं सोडलं.

‘तो हिंसक आहे, त्याची दया कशी करायची?’ हा प्रश्न मात्र मी गंभीरपणे घेते, कारण तो आपल्या घरांत खरोखर विचारला जातो. त्याचं उत्तर बस्तीतच आहे. पुढच्या वेळी दर्शनाला जाल तेव्हा वेदीवरची लांछनं नीट बघा. महावीरांचं लांछन सिंह. पार्श्वनाथांचं नाग. पुष्पदंतांचं मगर. यांतला कोण गवत खातो? त्या सिंहापुढं आपण अक्षता वाहतो, नागाच्या फणीवरून अभिषेकाचं पाणी ओघळतं, आणि बाहेर आल्यावर झाडावरचा बगळा मात्र आपल्याला पापी वाटतो! महावीरांच्या एका पूर्वभवात तर ते स्वतः सिंह होते आणि मुनींच्या उपदेशानं त्या सिंहाला बोध झाला, हे आपण पुराण ऐकताना डोळे पुसत ऐकतो. तिर्यंचाला आपल्या धर्मानं कधी कमी लेखलं नाही. तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसा ठरवताना प्रमादावर, म्हणजे बेफिकिरीवर, बोट ठेवलेलं आहे. बगळ्याला दुसरा आहार नाही. त्याचा प्रमाद कुठला? ज्याला दुसरा मार्ग आहे आणि तरी जो बघत नाही, त्याचा प्रमाद. तो कोण, हे सांगायला नको.

आणखी एक मोजणी करा. आपल्या दिगंबर परंपरेतल्या चोवीस लांछनांत सुमतिनाथांचा चकवा, पद्मप्रभांचं कमळ, पुष्पदंतांची मगर, अरनाथांचा मासा, मुनिसुव्रतांचं कासव, नमिनाथांचं नीलकमळ आणि नेमिनाथांचा शंख आहे. चोवीसांत सात पाण्यातली. चकवा म्हणजे चक्रवाक, हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर उतरणारं ते केशरी रंगाचं बदक. बेळगावच्या कमल बस्तीत मूर्ती नेमिनाथांची आणि छताला दगडी कमळ. म्हणजे ज्यांनी ही बस्ती बांधली त्यांच्या मनात पाणी होतं. आपल्या मनात आता काय आहे? फरशी आहे. बस्तीच्या आवारात पाऊस मुरायला एक वीत माती आपण ठेवत नाही.

मग आपली जीवदया जाते कुठं? कबुतराकडं. २०२५ च्या पावसाळ्यात मुंबईत दादरचा कबुतरखाना महापालिकेनं बंद केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आरोग्याचा प्रश्न पुढं आला, आणि आपल्या समाजाची माणसं रस्त्यावर उतरली. कबुतराबद्दल माझ्या मनात राग नाही. त्याला दाणे टाकणारा हात वाईट आहे असंही मी म्हणत नाही. मी एवढंच विचारते, की एखादं तळं बुजवलं म्हणून आपण कधी असे रस्त्यावर उतरलो का? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशातल्या पक्ष्यांचा अहवाल २०२३ साली आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकाळचा कल सांगता आला, त्यांतल्या ६० टक्के जाती घटलेल्या आहेत. आणि वाढलेल्यांत कोण आहे? आपलं गावठी कबूतर. म्हणजे ज्याला गरज नाही त्याच्यापुढं आपण पोतं रिकामं करतो. का? कारण कबूतर आपल्यासारखं धान्य खातं, आपल्या अंगणात येतं आणि आपण टाकलेलं आपल्या डोळ्यांदेखत टिपतं. पुण्य लगेच दिसतं. बगळ्याला आपल्याकडून काही टाकून नकोय. त्याला आपण काही करू नये एवढंच हवंय. आणि काही न करण्याचं पुण्य पावतीपुस्तकात कुठं लिहायचं, हे आपल्याला ठाऊक नाही.

आता झाडाचं बघा. बगळे, ढोकऱ्या, रातबगळे पावसाळ्याच्या सुमाराला थव्यानं एकाच मोठ्या झाडावर घरटी करतात. मराठीत त्याला सारंगागार असा सुंदर शब्द आहे. चिंच, वड, पिंपळ, आंबा, जे जुनं आणि पसरलेलं असेल ते. असं झाड बस्तीच्या आवारात, धर्मशाळेत किंवा अपार्टमेंटच्या दारात असलं की काय होतं, हे आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिलेलं आहे. खाली शिट पडते, वास येतो, आणि कधी पिल्लाच्या तोंडून निसटलेला मासा थेट फरशीवर. मग गहजब. सोवळं मोडलं, आवार बाटलं. मिटिंग होते, कुऱ्हाडवाला येतो, ‘नुसत्या फांद्याच छाटायच्यात हो’ असं म्हणत आषाढात फांद्या खाली येतात. त्यांच्याबरोबर काय काय खाली येतं ते बघायला मिटिंगमधलं कुणी तिथं नसतं. झाडणारी बाई असते. ती ते सुपलीत भरते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. बंदूक चालवणं तर त्यात आहेच. पण रानपक्ष्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही त्याच व्याख्येत बसवलेलं आहे. बायांनो, हे पुन्हा एकदा वाचा. घरट्यांची फांदी तोडणं याला सरकारी भाषेत शिकार म्हणतात. जे घर कांदा शिवत नाही, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाही, त्या घराची सही शिकारीच्या ठरावावर!

याच कर्नाटकात, मंड्या जिल्ह्यात, कोक्करेबेळ्ळूर नावाचं गाव आहे. कोक्करे म्हणजे कन्नडात बगळा-करकोच्याची जात. त्या गावात झोळीवाले आणि चित्रबलाक गावातल्याच झाडांवर, घरांच्या डोक्यावर, घरटी करतात. तेही मासेच खातात, त्यांचाही वास येतोच. गावकरी म्हणतात, या आमच्या लेकी, बाळंतपणाला माहेरी आल्यात. झाडाखाली पडलेली शिट ते शेताला खत म्हणून वापरतात. त्या गावात अहिंसेवर प्रवचनं किती होतात मला ठाऊक नाही. माहेर म्हणजे काय हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याला, बायका असून, ते विसरायला झालं?

पण झाडापेक्षाही मोठी गोष्ट पाण्याची. आपल्या आजीचं पाणी गाळणं आठवा. विहिरीचं पाणी शेंदायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, इथवर सगळ्यांना माहीत असतं. खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. फडक्यावर राहिलेली जिवाणी गाळलेल्या पाण्यानं उलटी धुऊन, जपून, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. गटारात नाही, झाडाच्या मुळाशी नाही, दुसऱ्या विहिरीतही नाही. कारण जो जीव ज्या पाण्यातला, त्याला तेच पाणी पाहिजे. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवालासुद्धा स्वतःचं ठिकाण असतं आणि ते त्याला परत द्यायचं असतं, एवढी बारीक समज आपल्या चुलीपाशी बसणाऱ्या, शाळा न पाहिलेल्या बायांना होती. आपण नळाला फिल्टर बसवला आणि जिवाणी विसरलो. जी समज न दिसणाऱ्या जीवाला विहीर परत देत होती, ती दोन हात उंचीच्या पक्ष्याला त्याचं खाचर परत देऊ शकत नाही?

खाचर म्हणते ते जाणूनबुजून. आपण दक्षिण भारतातले जैन म्हणजे नुसते पेढीवर बसणारे नव्हे. बेळगाव, सांगली, कोल्हापूरकडचे आपण पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. ज्या शिवाराच्या तांदळाचं आपण पाहुण्यांना कौतुकानं सांगतो, ते शिवारच बगळ्याचं तळं आहे. आणि कायद्याला मात्र ते तळं दिसत नाही. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांत भातशेती, नदीचं पात्र, सिंचनासाठी बांधलेले तलाव हे ‘पाणथळ’ या व्याख्येतून सरळ वगळलेले आहेत. म्हणजे तापस ज्या भातात घरटं करतो, त्याला वाचवायला सरकार येणार नाही. वाचवलं तर शेताचा मालक वाचवेल. मालक कोण? आपणच की.

आणि आपण काय करतो? दरवर्षी पावसाळ्यात बळ्ळारी नाला तुंबतो, जलपर्णी साचते, पाणी शिवारात पसरून भात कुजतं, आणि शेतकरी ओरडतात. मग हळूच एकेक पट्टी विकली जाते, मुरूम पडतो, प्लॉट पडतात. पाण्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते पुढच्याच्या शेतात जास्त चढतं, तोही विकतो. पुढं त्या वसाहतीला एखाद्या तीर्थंकराचं नाव. दगडी कमान, संगमरवरी पाटी, आणि कोपऱ्यात पक्ष्यांसाठी पाण्याचं मातीचं भांडं! अख्खं शिवार बुजवून वाटीभर पाणी ठेवायचं, याला मी जीवदया म्हणणार नाही. याला ‘बगळ्याचं ढोंग’ म्हणायलाही माझी जीभ धजत नाही, कारण बगळ्यानं असलं काही कधी केलेलं नाही.

कर्जापायी, लेकीच्या लग्नापायी, दवाखान्यापायी जमीन विकणाऱ्याला मी बोलत नाही. त्याचं दुःख तो जाणे. मी बोलते ते गरज नसताना, भाव आला म्हणून विकणाऱ्याला. आणि त्याच्या कागदावर न वाचता सही करणाऱ्या आपल्याला. कर्नाटकात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा आहे, आणि हा कायदा जैनांनाही लागू आहे. म्हणून तर विक्रीच्या वेळी भावाला आपली आठवण होते. साडी येते, रिक्षा येते, हक्कसोडपत्र पुढं सरकवलं जातं. ‘ताई, इथं सही कर, एवढंच.’ त्या एका सहीखाली किती बेडूक, किती मासे, किती घरटी असतात, याचा हिशेब आपण कधी केलाय? पाण्यातला अदृश्य जीव मोजणाऱ्या आपण!

बायकांनी ठरवलं तर काय होतं, हे बगळ्यांच्याच इतिहासात लिहिलेलं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर बगळ्याची पिसं लावायची फॅशन होती. विणीच्या दिवसांत पाठीवर फुटणारी तीच झालरीसारखी पिसं हवी असत, म्हणून घरट्यावरच पक्षी मारत आणि पिल्लं उपाशी मरत. वजनाला ती पिसं सोन्याहून महाग. ती फॅशन मोडली बायकांनीच. इंग्लंडात १८८९ साली एमिली विल्यमसन यांनी बायकांची संघटना काढली. सभासद होताना असली पिसं वापरणार नाही असं वचन द्यायचं. अमेरिकेत बॉस्टनला १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून बोलावून हेच केलं. १९०२ साली हिंदुस्थानातून पिसांची निर्यात बंद झाली, १९२१ साली इंग्लंडनं आयात बंद करण्याचा कायदा केला. त्या बायकांना तेव्हा तिकडं मताचा अधिकारसुद्धा नव्हता. त्यांनी शास्त्र सांगितलं नाही, शस्त्र उचललं नाही. ‘आम्ही घालणार नाही’ एवढंच म्हणाल्या. व्रत म्हणजे दुसरं काय असतं? नियम घेणं आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त जमायला पाहिजे.

म्हणून या दशलक्षण पर्वात महिला मंडळानं तीन नियम घ्यावेत, असं माझं म्हणणं आहे. पहिला: बस्तीच्या, धर्मशाळेच्या आणि आपल्या अपार्टमेंटच्या आवारातलं घरट्यांचं झाड ज्येष्ठापासून कार्तिकापर्यंत कुणाला छाटू द्यायचं नाही. चातुर्मासात जीवजंतू वाढतात म्हणून महाराज आणि माताजी चार महिने एका जागी थांबतात, विहार बंद करतात. ज्यांच्यासाठी त्यागी पाऊल थांबवतात, त्यांच्यासाठी आपण कुऱ्हाड थांबवू शकतो. दुसरा: निर्माल्य, शिळं अन्न, पुण्य म्हणून टाकायचे कणकेचे गोळे, यांतलं काहीही तळ्यात किंवा नाल्यात टाकायचं नाही, आणि कबुतरांच्या दाण्याच्या पावतीतला निम्मा पैसा नाल्याची जलपर्णी काढायला द्यायचा. तिसरा: शिवाराच्या कागदावर सही मागितली तर आधी विचारायचं, इथं काय होणार, पाणी कुठं जाणार. उत्तर मिळाल्याशिवाय पेन उचलायचं नाही. भाऊ रागावेल. रागावू दे. भाऊबीजेला निवळतो.

आणि नियम घेण्याआधी एकदा बघायला या. दुपारी चारला बांधावर आलात तर सूर्यास्ताआधी घरी जेवायला पोचता येतं. डबा नको, दाणे नकोत, पाखरांना खायला काहीच आणू नका. फोन पिशवीत. ढोकरी जशी उभी राहते तसं तासभर नुसतं उभं राहायचं आहे. कुणाला जमतं आणि कोण आधी चुळबुळ करतं ते तिथंच बघू.